खोलीभाड्याच्या मर्यादेपायी अख्खं बिल निम्मं मंजूर केलं आहे. ही कपात बरोबर आहे का?

पाऊलवाट

जाणकारांनी कृपया हिशोब तपासून द्यावा.

पॉलिसी वैयक्तिक, ४ लाखांची, सातवं वर्ष चालू. को-पे (बिलाचा ठरावीक वाटा स्वतः भरायची अट) नाही. खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये. पेशंट काकू, वय ५८, मांडीचं हाड मोडलं, रॉड घालायचं ऑपरेशन, ५ दिवस अ‍ॅडमिट. ट्विन शेअरिंगमध्ये बेड शिल्लक नव्हता म्हणून ८,००० ची सिंगल रूम घेतली.

बिल असं आहे:
खोली ४०,०००
सर्जन ६०,०००
भूलतज्ज्ञ २०,०००
ओटी (ऑपरेशन थिएटर) २४,०००
डॉक्टरांच्या व्हिजिट ६,०००
रॉड आणि स्क्रू ४५,०००
औषधं व कन्झ्युमेबल्स ३८,०००
एक्स-रे, सीटी, रक्ततपासण्या २२,०००
एकूण २,५५,०००

विमा कंपनीने आधी ७,००० ‘नॉन-पेएबल’ म्हणून वजा केले आणि उरलेल्या २,४८,००० च्या निम्मे, म्हणजे १,२४,००० कॅशलेसमध्ये मंजूर केले. कारण एकच लिहिलंय: ‘प्रपोर्शनेट डिडक्शन, ५० टक्के’. घरच्यांनी १,३१,००० भरले. त्यातले २५,००० रोख, ५६,००० क्रेडिट कार्डावर आणि ५०,००० हॉस्पिटलच्या बिलिंग डेस्कवरूनच मिळालेल्या हप्त्याच्या कर्जातून.

खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून रॉडचेही निम्मेच पैसे, हे नियमात बसतं का? आणि सेटलमेंटच्या पत्रात ‘मधुमेह पॉलिसीआधीपासून होता का, कागद द्या’ अशीही विचारणा आहे, तिचं काय करायचं?

---

हिशोबनीस

नाही बसत. रॉडवर, औषधांवर आणि तपासण्यांवर प्रमाणात कपात लावता येत नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, जून २०२० मध्ये आरोग्य पॉलिसींची कलमं सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली, तेव्हाच हे स्पष्ट केलेलं आहे. पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ची व्याख्या शोधा. कपात लागते ती फक्त त्या खर्चांना. औषधं व कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्या हे तीन गट त्यातून बाहेर ठेवलेले आहेत. आयसीयूच्या भाड्यालाही ही कपात लावायला मनाई आहे. तुमच्या बिलात आयसीयू नाही, पण इतर वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता तुमचे आकडे. खोलीचे ५ दिवसांचे २०,००० मिळणार, त्यावर वाद नाही. सर्जन, भूल, ओटी आणि व्हिजिट मिळून १,१०,०००, त्याचे निम्मे ५५,०००. रॉडचे पूर्ण ४५,०००. औषधांच्या ३८,००० मधून ते ७,००० वजा केले तर ३१,०००. तपासण्यांचे पूर्ण २२,०००. बेरीज १,७३,०००. मंजूर झाले १,२४,०००. म्हणजे ४९,००० रुपये सरळ चुकीच्या गुणाकारात गेले आहेत.

इथवरचा हिशोब कोणीही कागदावर करू शकतं. पुढचा मुद्दा मात्र बहुतेकांच्या हातून सुटतो. निम्मे केलेले १,१०,००० सुद्धा आपोआप निम्मे होत नाहीत. कपातीमागचा विचार असा की महागड्या खोलीतल्या पेशंटला हॉस्पिटल ऑपरेशनचाही जास्त दर लावतं. जिथे असे वर्गवार दर नाहीत, किंवा एखाद्या विशिष्ट सेवेचा दर सगळ्या खोल्यांना एकच आहे, तिथे त्या खर्चावर कपात करायची नाही, असं नियमातच आहे. हॉस्पिटलचं दरपत्रक मागा. जनरल, ट्विन आणि सिंगल या तिन्ही रकान्यांत सर्जनची फी ६०,०००च असेल, तर तिचे आणखी ३०,००० मिळायला हवेत. मग देय रक्कम २,०३,००० होते आणि घरचा भार १,३१,००० वरून ५२,००० वर येतो. हे तोंडी सांगून भागत नाही. बिलिंग विभागाकडून लेटरहेडवर एक ओळ घ्या: अमुक सेवेचा दर खोलीच्या वर्गानुसार बदलत नाही. सही, शिक्का, तारीख.

ट्विनमध्ये बेड नव्हता, हेही लिहून घ्या. त्याने कपात आपोआप टळत नाही, पण पुढे विमा लोकपालांपर्यंत (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत) जावं लागलं तर चैनीसाठी खोली घेतली नव्हती हे दाखवायला तेवढा एकच पुरावा असतो. (खरं तर हे अ‍ॅडमिशनच्या दिवशीच करायचं. पात्रतेची खोली रिकामी नसेल तर ‘ट्विनच्या दराने बिल लावा, बेड मोकळा झाला की हलवा’ अशी लेखी विनंती करायची. बरीच हॉस्पिटलं ती मान्य करतात. न मागता कोणीच करत नाही.)

७,००० चं पाहू. विमा कंपन्यांकडे चार याद्या असतात. पहिलीत ६८ वस्तू आहेत: ग्लोव्ह्ज, डायपर, क्रेप बँडेज, वॉकर, मिनरल वॉटर वगैरे. त्या साध्या पॉलिसीत मिळत नाहीत, वेगळं कन्झ्युमेबल्सचं कलम घेतलेलं असेल तरच मिळतात. दुसरी, तिसरी आणि चौथी यादी वेगळीच आहे. त्यातल्या गोष्टी हॉस्पिटलने अनुक्रमे खोलीभाड्यात, शस्त्रक्रियेच्या आकारात आणि उपचाराच्या खर्चात धरायच्या असतात. फाईल चार्ज, अ‍ॅडमिशन किट, हाउसकीपिंग, एसी आणि पल्स ऑक्सिमीटर हे दुसऱ्या यादीतले; कापूस, गॉज, सर्जिकल ब्लेड, चिकटपट्टी तिसरीतले. यापैकी काही त्या ७,००० मध्ये असेल तर भांडण विमा कंपनीशी नाही, हॉस्पिटलशी. त्यासाठी आयटमवार बिल लागेल. ‘फार्मसी ३८,०००’ अशा एका ओळीवर काहीच सिद्ध करता येत नाही.

मधुमेहाबद्दल: पॉलिसी सलग ६० महिने चालली की मोरेटोरियम पूर्ण होतो. त्यानंतर माहिती दडवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणाने कंपनी दावा नाकारू शकत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच. ही मुदत आधी आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये पाच झाली. तुमचं सातवं वर्ष आहे. मात्र मध्येच विमारक्कम वाढवली असेल तर वाढीव भागाचे ६० महिने वाढवल्याच्या तारखेपासून मोजतात. उत्तर छोटं आणि खरं द्या, नूतनीकरणाच्या सगळ्या पावत्या जोडा. शिवाय पडून हाड मोडण्याशी मधुमेहाचा संबंध काय, हे कंपनीने दाखवावं लागेल.

---

शुभदा_क

हिशोबनीस यांनी गणित मांडले आहेच. ते कोणापुढे, कोणत्या क्रमाने ठेवायचे ते लिहिते, कारण क्रम चुकला तर अर्ज परत येतो.

प्रथम कागद जमवा: क्लेम सेटलमेंट शीट (कपातीच्या कारणांसह), आयटमवार अंतिम बिल, डिस्चार्ज समरी, इम्प्लांटचे स्टिकर आणि खरेदी बिल, सर्व तपासणी अहवाल, आणि इनडोअर केस पेपर्सची प्रत. केस पेपर्स द्यायला टाळाटाळ होते. लेखी मागणीनंतर ७२ तासांत नोंदी देणे हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांत बंधनकारक आहे. अर्जाच्या स्थळप्रतीवर पोच घ्या.

मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. टीपीएला (कंपनीच्या वतीने दाव्याचे काम बघणाऱ्या संस्थेला) नव्हे. टीपीए फक्त कागद हाताळतो, निर्णयाची जबाबदारी कंपनीची असते, आणि टीपीएशी झालेला पत्रव्यवहार लोकपाल ‘कंपनीकडे तक्रार’ म्हणून धरतीलच असे नाही. ईमेलमध्ये भावना, प्रसंगवर्णन नको. बिलाची बाब, बिलाची रक्कम, मंजूर रक्कम, देय रक्कम, फरक आणि पॉलिसीतील कलम एवढेच कोष्टक. शेवटी ‘४९,००० रुपये तत्काळ द्यावेत, सर्जन फीबाबत दरपत्रक जोडले आहे, त्यानुसार आणखी ३०,००० द्यावेत’ असे आकड्यात मागणे. मागणी मोघम असली की उत्तरही मोघम येते. २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारायचा असेल तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते आणि नाकारताना पॉलिसीच्या नेमक्या अटीचा उल्लेख करावा लागतो. कपातीच्या बाबतीतही तेच मागा: ‘कोणत्या कलमाखाली?’

कंपनीला १४ दिवस असतात. उत्तर पटले नाही तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा किंवा १५५२५५ वर फोन करा. पोर्टल निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडेच परत जाते; फरक इतकाच की आता ती नियामकाच्या नजरेखाली असते. गुणाकाराची सरळ चूक असेल तर पुष्कळदा इथेच सुटते.

त्यानंतर विमा लोकपाल. महाराष्ट्रात पुणे, मुंबई आणि ठाणे येथे कार्यालये आहेत. पत्त्यानुसार कोणते लागू ते लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर दिसते, तिथूनच ऑनलाइन तक्रारही करता येते. फी नाही, वकील लागत नाही. मर्यादा ५० लाखांपर्यंत. कंपनीला लेखी तक्रार करून एक महिना उलटला असेल किंवा तिने नकार दिला असेल तरच जाता येते, आणि नकारापासून एका वर्षाच्या आत. निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. ३० दिवसांत पैसे दिले नाहीत तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो.

‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या व्हाउचरवर डिस्चार्जच्या घाईत सही झाली असेल तरी घाबरू नका. तेवढ्याने दाद मागायचा हक्क जात नाही.

---

गोदाकाठ

लोकपाल आणि ग्राहक आयोग दोन्हीकडे एकदमच अर्ज टाका. जिथे आधी लागेल तिथे लागेल.

---

शुभदा_क

@गोदाकाठ, असे करू नये. तोच विषय न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, आणि दोन्हीकडे गेल्याचे उघड झाले की आधीचीही अडकते. आधी लोकपाल, निवाडा मान्य नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, म्हणून लोकपालांकडे जायला उशीर करू नये. आयोगात फी ठरते ती आपण भरलेल्या विमाहप्त्याच्या रकमेवर. ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य.

---

भीमाकाठ

वरचं सगळं होईल तेव्हा होईल. तोवर कर्जाचं व्याज चालू आहे, म्हणून त्याकडे आजच बघा.

कार्डावरचे ५६,०००. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर महिन्याला १,९६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून सुमारे २,३१०. बिलावर ‘किमान देय’ पाच टक्के म्हणजे २,८०० दिसेल. तेवढेच भरलेत तर मुद्दल जेमतेम ४९० ने उतरतं. वर्षभर नियमित भरूनही कर्ज जागचं हलत नाही ते यामुळे. शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला, औषधांना सुद्धा, बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ते कार्ड बाजूला ठेवा.

देय तारखेच्या आत बँकेला फोन करून ही रक्कम हप्त्यांत बदलून घ्या. व्याज निम्म्याहून खाली येतं. त्याहून स्वस्त म्हणजे बँकेचं सोनेतारण. घरात कोणी नोकरदार असेल तर पगारदार पतसंस्थेचं तातडीचं कर्ज बघा, आणि पीएफमधून आजारपणासाठी पैसे काढता येतात, ते परत भरावे लागत नाहीत. पीएफला हात लावताना जपून, पण ४० टक्क्यांच्या कर्जापुढे ते परवडतं.

बिलिंग डेस्कवरचं कर्ज हॉस्पिटलचं नसतं. बँक किंवा वित्त कंपनीचं असतं आणि त्या टेबलावरचा माणूस मध्यस्थ. कर्जदात्याने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता) द्यायलाच हवं; रिझर्व्ह बँकेने ते सगळ्या किरकोळ कर्जांना लागू केलं आहे. त्यात वार्षिक एकूण दर बघा. ‘बिनव्याजी १२ हप्ते’ म्हणताना ५०,००० वर दोन टक्के प्रोसेसिंग फी, त्यावर जीएसटी आणि एक हप्ता आगाऊ कापला असेल, तर ते बिनव्याजी नाही. डिजिटल कर्ज असेल आणि घेऊन एखाद-दुसराच दिवस झाला असेल, तर करारात कूलिंग-ऑफची मुदत शोधा. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला मनाई आहे. पेशंटला तर अजिबात त्रास होऊ देऊ नका, कर्जदार म्हणून ज्याचं नाव आहे त्याचाच नंबर ठेवा.

आणि एक. पैसे बाकी आहेत म्हणून पेशंटला अडवून ठेवणं बेकायदा आहे. राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे, ती दर्शनी भागात लावलेली असायला हवी. डिस्चार्जच्या दिवशी रात्री आठ वाजता ‘आधी पैसे, मग गेट पास’ असं सांगितलं की माणूस वाटेल त्या कर्जावर सही करतो. बाकी रकमेचं लेखी हमीपत्र देऊन पेशंटला घरी नेता येतं, हे त्या क्षणी सांगणारं कोणीतरी सोबत असावं. कॅशलेसची अंतिम मंजुरी हॉस्पिटलची विनंती गेल्यापासून तीन तासांत यायला हवी. उशिरामुळे खोलीचं भाडं वाढलं तर तो वाढीव आकार विमा कंपनीने सोसायचा आहे.

---

घाटमाथा

दोन दरवाजे राहिले आहेत.

पहिला, दुसरी पॉलिसी. काका किंवा मुलगा नोकरीत असतील आणि कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत काकूंचं नाव असेल, तर पहिल्या पॉलिसीने कापलेली रक्कम दुसरीकडे मागता येते. पहिलीची विमारक्कम संपलेली असायची गरज नाही. सेटलमेंट शीट आणि बिलांच्या साक्षांकित प्रती जोडून रीइम्बर्समेंटचा (आधी भरलेले पैसे परत मागण्याचा) दावा करायचा. ग्रुप पॉलिसीत उशिरा कळवल्याचं कारण काढतात, म्हणून आजच एचआरला मेल टाका, कागद मागाहून. देय काय ते दुसऱ्या पॉलिसीच्या स्वतःच्या अटींवर ठरेल.

दुसरा, धर्मादाय हॉस्पिटल. ते सार्वजनिक न्यासाचं आहे का बघा. असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१अअ कलमाखाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक बिलातले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांना ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, ते डॉक्टरांकडून होत नाही. ‘आमच्या खाटा भरल्या’ असं उत्तर आलं तर धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात त्या दिवशीच्या खाटांची स्थिती विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही कोणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. आता पांढऱ्या रेशनकार्डासह सगळ्यांना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण पूर्वमंजुरी उपचाराआधी किंवा तातडीच्या वेळी भरती होतानाच घ्यावी लागते. रोखीने किंवा खासगी विम्यावर बिल झालं की ते मागे जाऊन योजनेत बसवता येत नाही. हॉस्पिटल योजनेत असलं तरी हाडांच्या विभागासाठी असेलच असं नाही, काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत. काकूंचा रॉड पुढे काढायची वेळ आली, तर भरतीआधी १५५३८८ ला फोन करून ‘हे हॉस्पिटल, हा विभाग, हा उपचार’ असं तिन्ही विचारा आणि दारातच आरोग्यमित्राला (योजनेच्या हॉस्पिटलमधल्या मदतनिसाला) गाठा.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. दरपत्रक मिळालं. सर्जनची फी ट्विन आणि सिंगलला एकच आहे, ओटीचा दर मात्र वेगळा आहे: ट्विनला १८,०००, सिंगलला २४,०००. मग ओटीवर ५० टक्के कपात मान्य करायची? आणि फिजिओथेरपी घरी चालू आहे, रोज ६०० रुपये. ती कशात बसते का?

---

हिशोबनीस

ओटीचा दर वेगळा आहे, म्हणजे कपात लागू होते आणि पॉलिसीच्या सूत्राने ती निम्मीच येते, १२,०००. पण प्रत्यक्षातला फरक ६,००० चाच आहे, हे तक्रारीत नक्की मांडा. कंपनी बहुधा ऐकणार नाही. लोकपालांपुढे तो मुद्दा मांडण्यासारखा आहे. सर्जनच्या ३०,००० वर मात्र ठाम राहा. दरपत्रकाची प्रत शिक्क्यासह जोडा, मोबाइलवरचा फोटो नको.

फिजिओथेरपी ‘पोस्ट-हॉस्पिटलायझेशन’मध्ये बसते. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतर ६० दिवस, काहींत ९० किंवा १८०. याच दुखण्याच्या औषधांची, ड्रेसिंगची, फेरतपासणीच्या फीची आणि एक्स-रेची बिलंही त्यातच. कॅशलेस झालं की लोक हा दावा विसरूनच जातात, कारण तो वेगळा फॉर्म भरून रीइम्बर्समेंटने घ्यावा लागतो. फिजिओसाठी सर्जनची चिठ्ठी हवी, त्यावर किती बैठका आणि का ते लिहिलेलं हवं. फिजिओथेरपिस्टच्या पावतीवर नोंदणी क्रमांक, प्रत्येक बैठकीची तारीख आणि रक्कम. महिन्याची एकत्र ‘१८,०००’ अशी पावती घेतली तर परत येते. घरी येऊन दिलेली फिजिओथेरपी काही पॉलिसींत वगळलेली असते, तेवढी ओळ पुस्तिकेत आजच बघून घ्या. वगळली असेल तर उरलेल्या बैठका हॉस्पिटलच्या ओपीडीत करा. अ‍ॅडमिशनच्या आधीच्या ३० दिवसांतला याच हाडाचा खर्च असेल, पहिला एक्स-रे वगैरे, तर तोही याच दाव्यात घाला. सगळी बिलं मुदत संपल्यावर, साधारणपणे १५ दिवसांच्या आत, मूळ प्रतींसह द्यायची असतात. नेमके दिवस क्लेम फॉर्मवरच छापलेले असतात.